नवी वेकबोट आतून कशी बघावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही अमेरिकेत जॉर्जियात, अटलांटाच्या उत्तरेला कमिंगला राहता आणि लेक लेनियर या तळ्यावर २३ फुटी नवी वेकबोट, म्हणजे मागे मुद्दाम मोठी लाट उठवणारी बोट, घ्यायचा विचार आहे. शोरूममध्ये आत पाऊल टाकल्याबरोबर ती घरात सगळ्यांना आवडली: पांढऱ्या-करड्या गाद्या, त्यावर शंकरपाळ्यासारखी शिवण, ड्रायव्हरपुढे दोन मोठे स्क्रीन. मुलगा १४ वर्षांचा आहे, वेकबोर्ड, म्हणजे बोटीमागे दोर धरून त्या लाटेवर फळीवरून घसरणं, शिकतोय. उन्हाळ्यात साताऱ्याहून आई-बाबा येतात, दोघंही सत्तरीपुढचे. पहिल्या नजरेत जे आवडलं त्यावर कितपत विश्वास ठेवायचा, हे तुम्हाला विचारायचंय.

मी गेली २२ वर्षं याच भागात बोटींच्या बैठका शिवतो आणि दुरुस्त करतो. त्याआधी पुण्यात नाना पेठेत वडिलांच्या दुकानात गाड्यांची सीट कव्हरं शिवत होतो. कुठलंही कव्हर हातात आलं की वडील आधी ते उलटं करायचे. वरची बाजू गिऱ्हाईकाने बघायची, आतली आपण, असा त्यांचा क्रम होता. बोटीच्या बाबतीत मी तुम्हाला नेमकं तेच करायला सांगणार आहे. शंकरपाळी शिवण पाच मिनिटांनी बघा. आधी गाद्या उचला.

पण गाद्यांपर्यंत पोचण्याआधी आत शिरावं लागतं, आणि आईंच्या दृष्टीने तीच पहिली परीक्षा आहे. शोरूममध्ये बोट ट्रेलरवर उभी असते, शेजारी चांगला चार पायऱ्यांचा जिना लावलेला असतो. तळ्यावर तो जिना नसेल. लेनियरची पातळी वर-खाली होते म्हणून तिथले धक्के तरंगते आहेत, त्यामुळे धक्का आणि बोट यांच्यातला उंचीचा फरक साधारण तोच राहतो, ही एक सोय. तरी धक्क्यावरून पाय उचलून बोटीच्या कडेवर, तिथून बैठकीवर, तिथून खाली फरशीवर, अशा तीन पायऱ्या होतात. मधली पायरी म्हणजे ओलं रेक्झिन. साडी नेसलेल्या बाईचा पाय तिथे हमखास सरकतो. म्हणून कडेला पाय ठेवायच्या जागी खरबरीत पट्टी आहे का बघा, आणि तिथे उभं राहिल्यावर हात आपोआप जाईल अशा जागी मूठ किंवा टॉवरचा, म्हणजे बोटीवरच्या उंच कमानीचा, दांडा आहे का बघा. मूठ शोधावी लागत असेल तर ती चुकीच्या जागी आहे. तुम्ही स्वतः एकदा डाव्या हातात पिशवी धरून चढून-उतरून बघा. सत्तरीचं माणूस तुमच्यासारखं दोन्ही हात मोकळे ठेवून उडी मारत नाही.

बोटीच्या मागे पाण्यालगत फळी असते, तिच्यावरून चढणं त्यांना जास्त सोपं जाईल. या बोटींचा पंखा (प्रोपेलर) पार मागे लटकत नाही, तळाखाली पुढे असतो, म्हणून मागची फळी बाहेर इंजिन लावलेल्या बोटीपेक्षा बरी. पण कोणीही फळीवर असताना इंजिन बंद म्हणजे बंद. फळीवरून आत येताना मधल्या गादीवर पाय द्यावा लागतो की बाजूने वाट काढली आहे, हे बघा. वाट असेल तर ती बोट एका इंचाने जरी अरुंद असली तरी मी तिच्याकडे झुकेन.

आत आल्यावर चपला काढा. हल्ली फरशीवर ईव्हीए फोमचे थर चिकटवलेले असतात, पायाला मऊ, ओले झाले तरी घसरत नाहीत, आणि जुन्या गालिच्यासारखा कुबट वास धरत नाहीत. सुधारणा खरी आहे. तिच्यात फक्त रंगाची अडचण आहे. गडद कोळशी रंग शोरूमच्या दिव्यात रुबाबदार दिसतो, पण जुलैच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा. मुलं एका गादीवरून दुसऱ्या गादीवर उड्या मारत जातात, मी रोज बघतो. अगदी फिकट रंगाचं दुखणं वेगळं. जॉर्जियाची माती लाल आहे, कोकणच्या माणसाला घर आठवेल इतकी लाल, आणि ती फोमच्या खाचांत जाऊन बसली की निघत नाही. मधला करडा घ्या.

आता बोट अशी का मांडलेली आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. गाडीत सगळे पुढे बघतात. वेकबोटीत ड्रायव्हर सोडून जवळजवळ सगळ्यांना मागे बघायचं असतं, कारण खेळ मागे चाललेला असतो. पूर्वीच्या वॉटर स्कीच्या बोटींत इंजिन बरोबर मध्यभागी, मोठ्या पेटीखाली असायचं. त्या पेटीला वळसा घालून माणसं बसायची. फ्लोरिडातल्या करेक्ट क्राफ्टने, १९२५ पासूनची ही कंपनी, १९९७ मध्ये सुपर एअर नॉटिक आणली. ती खास वेकबोर्डसाठी होती, दोर उंचावर बांधायला तिला टॉवर होता. पुढे या प्रकारच्या बोटींत इंजिन मागे सरकलं आणि उलटं बसलं. त्याचा दांडा पुढे येतो, गिअरपेटीत वळतो आणि बोटीखालून पुन्हा मागे पंख्याकडे जातो. मधली पेटी गेली, आणि तिथे आज तुम्हाला जो गोल सोफा आवडला तो आला.

म्हणून पहिल्यांदा सोफ्याच्या मऊपणाकडे बघू नका. निरीक्षकाच्या जागेवर, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी मागे तोंड करून बसा आणि दहा मिनिटं बसून राहा. पाठ टेकली पाहिजे. पाय फरशीला लागले पाहिजेत. मान न वळवता टॉवरखालून मागचं पाणी दिसलं पाहिजे. रायडर, म्हणजे मागे दोराला असलेला खेळाडू, पडल्याचं ओरडून सांगणारा माणूस इथे बसतो, आणि दिवसभरात ही जागा सगळ्यात जास्त वापरली जाते. कितीतरी बोटींत नेमकी हीच गादी सगळ्यात पातळ असते, कारण तिच्या खाली शीतपेटीची किंवा पिशव्यांची जागा काढलेली असते. आई-बाबांसाठीही हीच बाजू योग्य: काचेच्या आडोशाला, बोटीच्या मध्याजवळ, जिथे हेलकावे कमी लागतात.

त्यांना पुढच्या बैठकीत, नाळेवर, बसवू नका. ती जागा बघायला फार छान दिसते. महामार्गावर खास परवाना न काढता ओढून नेता येण्याची रुंदी साडेआठ फूट आहे, आणि बनवणाऱ्यांनी ती रुंदी पार पुढेपर्यंत नेऊन तिथे दिवाणखाना केलाय. पण वेकबोट लाट मोठी करण्यासाठी पोटात पाणी भरते, मोठ्या बोटीत टनभर पाणी सहज असतं, आणि ती मुद्दाम पाण्यात खोल बसते. रायडर पडला की ड्रायव्हर वेग कमी करून वळतो, आणि आपणच मघाशी उठवलेली लाट समोरून येते. त्या वेळी पुढे चार जण बसलेले असतील तर नाळ खाली झुकते आणि पाणी थेट मांडीवर येतं. मी अशा बोटी पंपाने उपसलेल्या बघितल्यात. पुढच्या बैठकीच्या फरशीला पाणी जायला भोकं कुठे आहेत, किती मोठी आहेत, आणि ते पाणी बाहेर जातं की नुसतं बोटीच्या तळात उतरतं, हा प्रश्न विक्रेत्याला विचाराच. उत्तर येईना तर बाटलीभर पाणी ओतून दाखवायला सांगा.

ड्रायव्हरच्या जागी तुम्ही बसाल, म्हणून तिथे थोडा जास्त वेळ घालवा. दोन स्क्रीन शोरूममध्ये झकास दिसतात. उन्हात, डोळ्यांवर गॉगल असताना दिसतात का ते महत्त्वाचं. काही गॉगलमधून तिरकं बघितलं की स्क्रीन चक्क काळा दिसतो. स्वतःचा गॉगल घेऊन जा. वेग, बॅलास्ट (पोटात भरायचं ते पाणी) आणि बिल्ज पंप (तळातलं पाणी उपसणारा) या तीन गोष्टी स्क्रीनच्या पोटात तीन थरांखाली न लपता एका बोटावर हव्यात. पंपाला आणि ब्लोअरला, म्हणजे इंजिनाच्या कप्प्यातली वाफ बाहेर फेकणाऱ्या पंख्याला, खरं बटण असेल तर फार चांगलं, कारण ओल्या बोटांना स्क्रीन नेहमी दाद देत नाही. मग सीटचा पुढचा भाग वर दुमडून त्यावर टेकून बसा. पोटात पाणी भरलेली बोट निघताना नाक वर करते, आणि खाली बसलेल्या ड्रायव्हरला काही क्षण समोर फक्त आकाश दिसतं. दुमडलेल्या सीटवर टेकल्यावर गुडघे स्टिअरिंगला लागता कामा नयेत, आणि आरसा मान न उचलता दिसला पाहिजे.

स्पीकर, रंगीत दिवे, फोन चार्ज करायच्या जागा यांबद्दल मी काही सांगत नाही. ते सगळ्यांकडे आहे.

आता गाद्या. सोफ्यातली एक गादी उचला, पूर्ण बाहेर काढा, उलटी करा. विक्रेता थोडा चुळबुळ करेल, करू द्या. खाली पाट लाकडाचा आहे की प्लास्टिकचा? लाकूड दिसलं तर कडा आणि भोकांच्या आतली बाजू बघा, तिथे लेप नसेल तर पाणी तिथूनच शिरतं. टाचलेल्या पिना चुंबकाला चिकटतात का बघा. चांगलं स्टेनलेस सहसा चिकटत नाही, जोरात चिकटलं तर गंज ठरलेला. पाण्याला वाट आहे का? खालच्या बाजूला जाळी किंवा भोकं हवीत, आणि गादी ज्या कप्प्यावर बसते त्याची कड थोडी उंच हवी, म्हणजे गादी पाण्यात बसणार नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बोट आली, जेमतेम चार उन्हाळे झालेली. मालकाची तक्रार एवढीच, की मागच्या सोफ्याला वास येतो. वरून गादी नवीकोरी. उलटी केली तर पाट काळा पडलेला, पिना गंजून लाल, आणि फोम दोन्ही हातांनी पिळला तर बादलीत पाण्याची धार लागली. कव्हरच्या वर गुलाबी डाग यायला लागले होते. ते डाग बाहेरून पडत नाहीत. आत ओलाव्यात वाढणारे जीव रंग सोडतात, तो रेक्झिनमधून वर झिरपतो आणि घासून कधीच जात नाही. त्या गादीला पाणी जायला एकही भोक नव्हतं. चार भोकांची काटकसर झाली होती, आणि मालकाला पूर्ण सोफा नव्याने करावा लागला.

शिवणीचं आता बोलू. तुम्हाला आवडलेली शंकरपाळी शिवण पाठीला असेल तर खुशाल असू द्या. बसायच्या सपाट जागेवर असेल तर तिथे नखाने टाका उचलून बघा. सुईचा प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, आणि सपाट गादीवर पाणी साचतं तेव्हा ती शेकडो भोकं ते आत घेतात. काही बनवणारे ही नक्षी शिवत नाहीत, उष्णतेने दाबून उठवतात. त्यात दोरा नसतो किंवा नुसता दिसण्यापुरता असतो, आणि पाणी आत जात नाही. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. मागून बघितलं की पाच सेकंदात कळतं, म्हणून पुन्हा म्हणतो, उलटी करा. दोरा कसला हेही विचारा. साधारणपणे पॉलिएस्टर असतो, तो उन्हाने हळूहळू कमजोर होतो आणि रेक्झिन धडधाकट असताना शिवण उसवते. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) दोरा उन्हाला जुमानत नाही, पण महाग आहे, आणि मशीनवर शिवताना त्रास देतो. तो वापरला असेल तर बनवणाऱ्याने मनापासून काम केलंय असं समजा.

फोमची परीक्षा अंगठ्याने होते. गादीच्या मध्यावर नको, पुढच्या कोपऱ्यावर दाबा, जिथे माणूस उठताना भार देतो. खालचा पाट बोटाला लागला तर दोन उन्हाळ्यांत तो कोपरा बसणार. चांगल्या गादीत खाली घट्ट आणि वर मऊ असे दोन थर असतात. पहिल्या मिनिटाला ती थोडी कडक वाटते. शोरूममध्ये सगळ्यात मऊ लागणारी गादीच लोक पसंत करतात, आणि माझ्याकडे दुरुस्तीला तीच लवकर येते.

गादी बाहेर आहे तोवर खालच्या कप्प्यात हात घाला. ही पूर्ण जागा तुमची नाही. बॅलास्टच्या टाक्या किंवा पिशव्या तिथेच असतात. पिशव्या असतील तर त्या भरून दाखवायला सांगा, कारण रिकाम्या असताना कप्पा प्रशस्त दिसतो आणि भरल्यावर तिथे टॉवेलही मावत नाही. कधी कधी फुगलेली पिशवी गादीला खालून उचलते आणि बिजागरी वाकते. मग लाइफ जॅकेटं कुठे जाणार? जॉर्जियात चालत्या बोटीवर १३ वर्षांखालच्या मुलांनी जॅकेट घातलेलंच हवं, आणि बाकी प्रत्येकासाठी हाताशी एक असायला हवं. दहा जणांची दहा जॅकेटं घेऊन जा आणि ती ठेवून बघा. शिवाय वजनाची पाटी वाचा. लाट वाढवायला तुम्ही वरून जादा पिशव्या टाकल्या तर तेवढ्या वजनाची माणसं कमी झाली असं धरा.

मागची उन्हाची गादी उघडून इंजिनही बघा. तेलाचा फिल्टर आणि पाण्याच्या पंपाचं इम्पेलर (आतलं फिरतं रबरी चाक) याला हात पोचतो का, की आधी अर्धं सामान काढावं लागतं? दर हंगामाला हे काम असतं. झाकण वर धरून ठेवणारे दट्टे घट्ट हवेत. पेट्रोलचं इंजिन बंद जागेत आहे, म्हणून सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवायचा. ही सवय मुलालाही पहिल्या दिवसापासून लावा.

एका गोष्टीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. हल्ली मागच्या टोकाला, पाण्याकडे तोंड करून बसायच्या जागा असतात. बोट नांगरलेली, इंजिन बंद, पाय पाण्यात, तेव्हा त्यासारखी जागा नाही. पण इंजिन सुरू असताना धूर त्याच टोकाला बाहेर पडतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही. बोट हळू चालताना हवा काचेवरून जाऊन मागे भोवरा करते आणि तो वायू परत आत ओढला जातो. वेकसर्फला, म्हणजे दोर सोडून बोटीमागच्या लाटेवर फळीवर उभं राहायच्या खेळाला, वेग ताशी १०-११ मैलच असतो, म्हणजे हा प्रकार हमखास. डोकं दुखतं, मळमळतं, आणि घरचे म्हणतात बोट लागली असेल, लिंबू चोखायला द्या. वयस्कर माणसाला आणि लहान मुलाला हे लवकर बाधतं. म्हणून इंजिन चालू असताना मागच्या टोकाला कोणीही नाही, हा नियम घरात कडक ठेवा. धूर खाली पंख्याच्या पाण्यात सोडणारी नळी बोटीला आहे का हे विचारा, आणि नसेल तर बसवून मागा. त्याने धोका कमी होतो, संपत नाही.

पांढऱ्या रंगाबद्दल. उन्हात पांढरी गादी बसता येईल इतपत राहते, काळी भाजते, तेव्हा तुमची निवड चूक नाही. त्रास दोन गोष्टींचा आहे: नव्या जीन्सचा निळा रंग आणि सनस्क्रीन. निळा रंग रेक्झिनमध्ये एकदा मुरला की मुरला. जीन्स घालून बसायचं नाही, खाली टॉवेल टाकायचा. हळदीची मात्र तुम्हाला भीती असेल तर सोडून द्या. पिठलं-भाकरीचा डबा सांडलेल्या गाद्या माझ्याकडे आल्यात. लगेच साबणाच्या पाण्याने पुसून घ्या आणि उरलेला पिवळा डाग उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने फिका होत जातो. घाबरून ब्लीच ओतू नका. ब्लीचने डाग जाईल, पण रेक्झिनचा वरचा थर आणि दोरा दोन्ही खराब होतील. आणि संध्याकाळी ओल्या गाद्यांवर कव्हर ओढून घरी जायचं नाही. गाद्या उभ्या करून, लॉकर उघडे ठेवून तासभर वारा लागू द्या.

आता तुम्ही करायचं एकच. पाण्यावरची चाचणी मागा, आणि ती रिकाम्या बोटीची नको. बॅलास्ट पूर्ण भरून, आठ माणसं घेऊन, मुलाला मागे दोराला लावून. त्याला दोनदा मुद्दाम पाण्यात पडायला सांगा, म्हणजे बोट वळून परत येताना आत काय होतं ते कळेल. जमलं तर आई-बाबा आल्यावरच ही चाचणी ठेवा. आईंना निरीक्षकाच्या बाजूला बसवा आणि उतरल्यावर त्यांना विचारा, पाठ कुठे दुखली, हात कुठे धरला. त्या सांगतील ती जागा मला कळवा. गादी असेल तर मी दुरुस्त करून देईन, पण मूठ चुकीच्या जागी असेल तर ती बोट घेऊ नका.